टॅनरसाहेबांचं आडनाव

या आठवणीत मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. माझं नाही, बायकोचं नाही, आणि ज्यांच्या घरी हे घडलं त्यांचं तर नाहीच नाही; अब्रूदार माणसं आहेत, त्यांच्या अब्रूला उगाच खरचटायला नको. एकच आडनाव ठेवतो आहे, टॅनर. ते ठेवायला हरकत नाही, कारण ते मिरवणाऱ्याला त्याची कधी लाज वाटली नाही, आणि इंग्लंडात त्या आडनावाची माणसं पैशाला पासरी आहेत.

गेल्या दशकातली गोष्ट. मस्कतच्या अलीकडे अल खौदला आम्ही नवरा-बायको दोघंच राहत होतो. पंप बसवणाऱ्या एका कंपनीत मी इंजिनिअर. आठवड्यातले दोन-तीन दिवस सोहारच्या औद्योगिक वसाहतीत साइटवर, उरलेले ऑफिसात. मूल नव्हतं. मी सोहारला गेलो की बायको दिवसभर एसीची घरघर ऐकत बसायची. गावाकडे ती शाळेत शिकवायची, दिवसाला शंभर पोरांशी बोलायची. इथे भाजीवाल्याशी दोन वाक्यं झाली तरी ती मला फोन करून सांगायची.

तिला घराबाहेर काढलं ते मराठी बायकांच्या ग्रुपनं. आमच्या ऑफिसातले हिशेबखात्याचे मॅनेजर अल हैलला समुद्राजवळच्या व्हिलात राहायचे. पुण्याचे. त्यांच्या बायकोला सगळ्याजणी वहिनी म्हणत, तिच्यापेक्षा वयानं मोठ्या असलेल्यासुद्धा. हळदीकुंकू वहिनींकडे, मंगळागौर वहिनींकडे, दीड दिवसाचा गणपती वहिनींकडे. कुणी कुणाशी बोलायचं आणि कुणी कुणाला लिफ्ट द्यायची हेही वहिनीच ठरवत. आमच्या हिला त्यांनी जवळ केलं ते पुरणपोळीमुळे. हिची पोळी काठापर्यंत पुरणाची असते आणि तव्यावर टाकताना फाटत नाही. एकदा चाखली आणि वहिनींनी जाहीर करून टाकलं, की इथून पुढे बाप्पाच्या नैवेद्याची पोळी हीच करणार. सुट्टीवरून परतताना आमच्या बॅगेत कपड्यांपेक्षा कोल्हापुरी गूळ जास्त असायचा तो त्यासाठी. वहिनींच्या स्वयंपाकघरात, सात-आठ बायकांच्या गलक्यात, तव्यासमोर उभं राहायला मिळणं हा तिचा वर्षाचा सण होता. बाकी सणांना ती नुसती पाहुणी असायची.

आता आडनावाचं. माझ्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे. वडील शाळामास्तर होते. त्यांनी मला शाळेत घालताना माझं नाव लिहिलं, स्वतःचं लिहिलं आणि लेखणी खाली ठेवली. आमचं आडनाव असं आहे, की आमच्या जिल्ह्यात ते उच्चारलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. आम्ही ढोर. कातडी कमावणारे. जनावराला जो शब्द, तोच आमच्या जातीला. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला त्यात काही वावगं वाटलं नसावं.

आखातात आडनाव नसल्याचं कुणाला काही वाटत नाही. अरब माणूस विचारतो, कुणाचा मुलगा, कुणाचा नातू. मग हळूच तोही टोळीवर येतो, तो काही देवदूत नव्हे. पण आपल्या टोळ्या त्याला ठाऊक नसतात, म्हणून तो तिथे थांबतो. आपला माणूस थांबत नाही. पहिल्याच भेटीत मॅनेजरांनी मला विचारलं होतं, "बाय द वे, आडनाव काय म्हणालात?"

"नाही म्हणालो," मी म्हटलं.

ते हसले, मीही हसलो, आणि मग तपासाचं काम बायकांकडे गेलं. त्यात वहिनींचा हात धरणारं कुणी नव्हतं. "तुमच्याकडे गौरी खड्यांच्या गं, की उभ्या?" "आमटीत गूळ घालता का तुम्ही?" "कुलदैवत कुठलं?" "तुझ्या माहेरचे पाहुणे कुठले?" एकही प्रश्न सरळ नाही, आणि एकही बिनकामाचा नाही. आमची ही प्रत्येकाचं खरं उत्तर द्यायची. गौरी उभ्या. गूळ चिमूटभर. कुलदैवत जे आहे ते. या उत्तरांची बेरीज करून त्यांनी आम्हाला परस्पर कुठल्याशा बऱ्या जातीत दत्तक घेतलं. आम्ही खोटं बोललो नाही. त्यांना जे विचारायचं होतं ते विचारायचं धाडस त्यांच्यात नव्हतं, त्याला आम्ही काय करणार? बायको मात्र आतून भ्यायलेली असायची. "कुणी गावाकडचं भेटलं तर?" म्हणायची. मी तिच्यावर चिडायचो.

टॅनर आमच्या कंपनीचा सर्वांत मोठा साहेब. साठीला टेकलेला, उन्हानं गुलाबी झालेला, बडबड्या इंग्रज. सोहारला जाताना मला स्वतःच्या गाडीत घ्यायचा, कारण एकट्याला बोलता येत नाही. त्याला आपल्या घराण्याचा इतिहास खणायचा छंद होता. एका सकाळी, उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला खजुरांच्या बागा मागे पडत असताना, त्यानं मला त्याच्या आडनावाचा अर्थ सांगितला.

"टॅनर म्हणजे कातडी कमावणारा," तो म्हणाला. "आमचे लोक गावाबाहेर राहायचे, नदीच्या खालच्या अंगाला. वरच्या अंगाला बंदी. पाणी नासतं ना! आधी चुन्यात घालून केस काढायचे, मग ओकच्या सालीच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवायचं. आणि कातडं नरम करायला काय वापरायचे, सांग बघू? कुत्र्याची विष्ठा! गरीब बायका टोपली घेऊन गावभर ती गोळा करत हिंडायच्या. चर्चमध्ये आमच्या बाकावर दुसरं कुणी टेकायचं नाही. वास!" आणि स्टिअरिंगवर थाप मारून तो खदाखदा हसला.

मीही हसलो. साहेब हसला की हसायचं असतं. मग तो इतर आडनावांवर घसरला. कुणी लोहार, कुणी कुंभार, कुणी पिठाच्या चक्कीवाला, कुणी गाडे बनवणारा. म्हणजे त्यांचे बारा बलुतेदार सगळेच्या सगळे आडनावात जाऊन बसलेत, आणि तिथे सुखानं नांदतायत. आज लोहार आडनावाचा माणूस बँक चालवतो आणि चक्कीवाला मंत्री होतो, त्यांना कुणी विचारत नाही की भाते कुठे आहेत.

"तुझं काय? तुझं आडनाव कार्डावर दिसत नाही कुठे," तो म्हणाला.

"आम्ही वापरत नाही, सर."

"पण असेल ना?"

मी समोरच्या ट्रककडे बोट दाखवलं, "सांभाळून, सर," म्हटलं, आणि विषय टळला. मला सांगता आलं असतं, की माझे आजोबा बाभळीची साल आणि हिरडा वापरायचे; कातड्याची पिशवी शिवून टांगायचे आणि तीत सालीचं पाणी भरायचे; त्यांचे हात कोपरापर्यंत तांबडे होते आणि त्यांना सरणावर ठेवलं तेव्हाही तांबडेच होते. नाही सांगितलं. त्याच्या घराण्याच्या वासाला कैक पिढ्यांची हवा लागली होती, आता तो सांगायला मजेचा झाला होता. आमचा अजून लोकांच्या नाकात होता.

पुढे तेलाचे भाव पडले. कंपन्या माणसं कमी करायला लागल्या, आणि ऑफिसातला प्रत्येक हिंदी माणूस टॅनरकडे बघून जरुरीपेक्षा जास्त दात दाखवायला लागला. त्या वर्षी मॅनेजरांनी त्याला गणपतीचं आमंत्रण दिलं. प्रमुख पाहुणा म्हणून. बाप्पापेक्षा मोठा म्हणा ना.

त्याच गणपतीत वहिनींचा भाऊ भारतातून आला होता. वकील. प्रॅक्टिस कुठे, तर नेमकी आमच्या तालुक्याला. जग मोठं आहे असं म्हणतात, पण आपल्या लोकांना ते तालुक्याएवढंच पुरतं.

मी हॉलमध्ये मखराची लायटिंग जोडत होतो. हे वकील शेजारी येऊन उभे राहिले, निरखून बघितलं, गाव विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा! म्हणजे तुम्ही मास्तरांचे चिरंजीव? ते तळ्यापलीकडचे?"

तळ्यापलीकडे आमची वस्ती. तालुक्यात तळ्याच्या पलीकडे दुसरं कुणी राहत नाही.

"हो," मी म्हणालो.

"फार सज्जन माणूस! आणि राहणी काय स्वच्छ हो त्यांची!" त्यांनी चक्क हात जोडले. आमच्या माणसाची स्तुती करताना हा स्वच्छ शब्द हमखास येतो. दुसऱ्या कुणाच्या वडिलांबद्दल तो कधी ऐकला नाही मी. मग ते पाणी प्यायला म्हणून आत गेले. एवढा वेळ लागायला ते विहिरीतून शेंदत नव्हते.

आत काय झालं ते बायकोनं मला नंतर सांगितलं. पोळ्यांची चळत चांगली वाढली होती, थोड्याच राहिल्या होत्या. वहिनी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "अगं, किती दमलीस! बस ना आता. घामाघूम झालीयेस बघ."

"झालंच वहिनी, थोड्याच राहिल्यात."

"नको नको. रेस्ट घे तू. दे ते लाटणं."

लाटणं त्यांनी दोन बोटांत धरून घेतलं आणि सिंकमध्ये सोडलं. गॅस बंद केला. तव्यावरची पोळी तशीच अर्धी कच्ची राहिली. इतर बायका सगळ्याजणी एकदमच मुलांच्या युनिट टेस्टबद्दल बोलायला लागल्या. आमची ही डायनिंग टेबलाच्या कडेला जाऊन बसली, आणि तिला कुणी कोथिंबीर निवडायलाही दिली नाही. थोड्या वेळानं मॅनेजर गाडी काढून गेले आणि सुपरमार्केटमधून श्रीखंडाचे डबे घेऊन आले. नैवेद्याच्या ताटात पुरणपोळीच्या जागी श्रीखंड वाढलं गेलं. जोशात आरती झाली.

पोळ्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. अन्न टाकवत नाही. संस्कार आड येतात. वहिनींनी तो कसा सोडवला हे बघून मी मनातल्या मनात त्यांना दाद दिली. पोळ्या दोनच जागी वाढल्या गेल्या. एक माझं आणि बायकोचं पान, आणि दुसरं टॅनरचं. गोऱ्याला विटाळ कसला? बाकी कुणाची शुगर वाढलेली होती, कुणी डाएटवर होतं, कुणाला अचानक श्रीखंडच आवडत होतं. त्या घरात इतके मधुमेही एका दिवसात निपजले.

टॅनर खुशीत होता. झब्बा घातला होता, कपाळाला नाम होता. वहिनींनी त्याला ओवाळलं होतं, आरतीचं तबक आधी त्याच्या हातात दिलं होतं. काटा-सुरीनं त्यानं तीन पोळ्या संपवल्या आणि चौथी मागून घेतली. त्याला आणखी खूश करावं म्हणून मॅनेजर म्हणाले, "सर, तुमचं आडनाव फार जुनं, फार मोठ्या घराण्याचं आहे म्हणे?"

झालं. टॅनर उठून उभाच राहिला. गावाबाहेरची वस्ती, नदीचं खालचं अंग, चुना, साल, कुत्र्याची विष्ठा, चर्चमधलं रिकामं बाक, काही म्हणजे काही सोडलं नाही. "आमच्याहून खालचं कुणी नव्हतं," तो म्हणाला, "आणि मला त्याचा अभिमान आहे!"

"सो इंटरेस्टिंग!" "किती डाउन टू अर्थ ना!" एक बाई म्हणाली, तिच्या अंगावर काटा आला. खरंच आला होता, तिनं हात पुढे करून दाखवला. वहिनी म्हणाल्या, "सर, कुठलंच काम हलकं नसतं, आमच्याकडेही हेच सांगितलंय." टाळ्या सुरू केल्या त्या वकिलांनी.

आणि टॅनर माझ्याकडे वळला. "हा माझा मित्र गाडीत विचारलं तर ट्रक दाखवतो! आता सांग, तुझ्या घरचं काम काय होतं?"

सगळ्यांचे हात ताटात थांबले. बायको माझ्या शेजारीच बसली होती. तिनं मान हलवली, इतकी थोडी की फक्त मला दिसावी. मला दिसली. पण समोर वहिनींच्या ताटात श्रीखंडाचा डोंगर होता आणि माझ्या बायकोच्या पोळ्या गोऱ्याच्या ताटात. मला चेव आला.

"तेच, सर," मी म्हणालो. "कातडी कमावायची. तुमच्याकडे ओक, आमच्याकडे बाभूळ. एवढाच फरक."

टॅनरनं अक्षरशः आरोळी ठोकली. ताटं ओलांडून आला, मला उभं केलं आणि मिठी मारली. "कझिन!" म्हणाला. "माझा कझिन!" आणि त्यावर सगळे हसले. साहेब हसल्यावर काय करणार? मॅनेजर सगळ्यात जास्त हसले, माझ्या पाठीवर थाप मारायला त्यांनी हातही उचलला, पण तो वाटेतच परत नेऊन त्यांनी चष्मा सारखा केला.

परतताना बायकोच्या मांडीवर उरलेल्या पोळ्यांचं फॉइलचं गाठोडं होतं. "घरी ने हो, वाया नको," असं म्हणून दिलेलं. अल खौदच्या वळणावर ती म्हणाली,

"मी मान हलवली होती. दिसली नाही?"

"दिसली."

"मग?"

"किती दिवस लपवणार होतो?"

"लपवायचं काय राहिलं होतं? त्यांना कळलंच होतं. पण बोललं नव्हतं ना कुणी! बोललं नसतं तर चार महिन्यांनी विसरल्यासारखं केलं असतं त्यांनी. पोळ्या नसत्या दिल्या, नसू देत. बसायला तर बोलावलं असतं. तू सगळ्यांदेखत बोललास. आता त्यांना विसरायची सोयच नाही ठेवलीस."

मी स्वाभिमानावर काहीतरी बोललो. मला ते वाक्य आठवत नाही, चांगलं असावं.

"तुला ऑफिस आहे," ती म्हणाली. "तुला कझिन आहे. मला कोण आहे इथे?"

मी रेडिओ लावला.

त्यानंतर तिला कुणी वाईट बोललं नाही. अब्रूदार माणसं आहेत म्हणालो ना! बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तिला काढलंही नाही, ते असंस्कृतपणाचं दिसलं असतं. त्यांनी दुसरा ग्रुप काढला आणि पहिला तिला ठेवू दिला. ती त्यावर रोज सकाळी फुलांचं चित्र टाकायची. दसऱ्याला टाकलं, दिवाळीला टाकलं, संक्रांतीला तिळगूळ टाकला. बघितल्याच्या निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही. मी म्हटलं, कशाला टाकतेस, तर म्हणाली, "कुणीतरी बघतं तरी."

माझं उलट झालं. टॅनर मला ऑफिसभर कझिन म्हणून मिरवायला लागला. लंडनहून कुणी आलं की मला बोलावून घ्यायचा आणि ओक-बाभळीची गोष्ट सांगायचा. त्या काळात बऱ्याच जणांच्या नोकऱ्या गेल्या, माझी राहिली. मॅनेजरांचीही राहिली. त्या इंग्रजाचा मला मनापासून संताप यायचा आणि त्याच्या गाडीत मी दर आठवड्याला बसायचो. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या घरात कुणाच्या हातातून लाटणं काढून घेतलं जाणार नव्हतं, एवढंच.

पुढच्या वर्षी गणपतीच्या दोन दिवस आधी वहिनींचा फोन आला. बायको इस्त्री करत होती. स्क्रीनवरचं नाव बघून तिनं इस्त्री उभी करायचं भान न ठेवता फोन उचलला. माझ्या शर्टाला डाग पडला तो अजून आहे. हातात कपडे होते म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"अगं, आहेस कुठे? भेटच नाही!" वहिनींचा आवाज नेहमीचा, गोड. "ऐक ना, टॅनर सर येतायत यंदा पण. त्यांना तुझ्या त्या पोळ्या आठवतायत. मुद्दाम विचारलं त्यांनी. जमेल का गं तुला?"

"जमेल की, वहिनी!" वर्षभर ऐकला नव्हता असा आवाज होता हिचा. "सगळ्यांच्या मिळून साठ पुरतील ना? मी सकाळी लवकरच येते, म्हणजे तिथेच तव्यावरच्या गरम गरम..."

"अगं नको, तू कुठे उन्हाची येतेस? ड्रायव्हर पाठवते मी. आणि साठ कशाला? चार बास. सरांपुरत्याच. आणि डिस्पोजेबल डब्यात दे हं, परत पाठवायची भानगड नको."

मी खुणेनं नाही म्हणत होतो, हात हलवत होतो. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली.

"बरं, वहिनी," ती म्हणाली. "तूप लावून देऊ, की वेगळं?"

फोन ठेवल्यावर मी बरंच बोललो. तिनं ऐकून घेतलं. "तू मध्ये पडू नकोस," म्हणाली, "फोन आलाय." मला त्या क्षणी तिचा राग आला, वहिनींपेक्षा जास्त, आणि तो मी बोलूनही दाखवला. तिनं इस्त्री बंद केली आणि डाळ काढायला गेली.

चार पोळ्यांना डाळ मूठभर लागते. एवढीशी वाटायला पुरणयंत्र काढण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिनं ती चाळणीवर हातानं घासली. गूळ कोल्हापुरी. गणपतीच्या दिवशी सकाळी तिनं पोळ्या केल्या, एक मनासारखी झाली नाही म्हणून पुन्हा केली, डबा बांधला, आणि मग आत जाऊन काठापदराची साडी नेसली. बांगड्या घातल्या, टिकली लावली, पर्स काढून दाराशी ठेवली.

ड्रायव्हर आला. जुनाच माणूस, दर वर्षी तिला न्यायला यायचा तोच. त्यानं डबा घेतला, तिच्या साडीकडे बघितलं, आणि गाडीचं मागचं दार उघडायला वळला.

"मॅडम, चलेंगे ना?"

"नहीं भैया, आज घर में काम है," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.